उजवा गेला, मी राहिलो

मी एक जुना डावा बूट आहे, सायकल चालवणाऱ्यांचा. जुना म्हणजे झिजलेला नव्हे हं! माझा तळ अजून जवळजवळ कोराच आहे. मी जुना झालो तो खोक्यात पडून पडून.

कारखान्यात मला आणि माझ्या उजव्याला एकाच कापडातून कापले. तळ फळीसारखे टणक, वर आवळायचे पट्टे आणि खाली पेडलमध्ये खट्कन अडकणारा खटका. एकमेकांच्या कुशीत आम्ही या दुकानात आलो. तेव्हा एकटेपणा कशाशी खातात, हे मला ठाऊकच नव्हते.

एके सकाळी एक मुलगी वडिलांबरोबर आली. तिला शर्यतीत उतरायचे होते. तिने बसल्या बसल्या उजवा पाय पुढे केला आणि उजवा बूट अगदी मापात बसला.

"झालं तर! डावा काय वेगळा असणार आहे?" वडील म्हणाले.

मला कुणी घालूनसुद्धा पाहिले नाही. मित्रांनो, माझे नशीब तिथेच फिरले.

रस्त्यावरचे ते थोडे दिवस मी जन्मात विसरणार नाही. मी खाली, उजवा वर. उजवा खाली, मी वर. काय तो वारा, काय तो वेग! पण मुलीचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा होता. थोडे अंतर गेले की तो सुजायचा आणि माझ्या आत बोटे एकमेकांवर चढायची. आधी मुंग्या यायच्या, मग बोटे बधिर व्हायची. अंगठ्याचे नख तर काळेनिळे झाले. "सायकलचा बूट घट्टच असतो, होईल सवय," असे वडील म्हणत. शेवटी एकदा ती रस्त्याकडेला बसून रडली. म्हणाली, "मला नाही जमणार. सोडून देते मी." मी तरी काय करणार? बूट काही पायाबरोबर वाढत नाही.

त्या संध्याकाळी वडील तिला आणि आम्हाला घेऊन दुकानात आले. दुकानदारकाकांनी तिला उभे करून दोन्ही पाय मापले आणि कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी मोठ्या मापाचा एक जोड फोडला आणि त्यातला डावा तिला दिला. माझा उजवा तिच्याबरोबर गेला. मी राहिलो.

तेव्हापासून मी त्या फोडलेल्या जोडातल्या उजव्याबरोबर एका खोक्यात आहे. दिसायला आम्ही सख्खे भाऊ, पण आम्हा दोघांना मिळून एकही गिऱ्हाईक नाही. लोक झाकण उघडतात, हसतात आणि झाकण लावतात. बाहेर सायकलची घंटी वाजली की वाटते, आला माझा उजवा! घंटी पुढे निघून जाते. फार एकटे वाटते हो.

आणि एक दिवस तो खरेच आला. मुलगी आता शर्यती जिंकू लागली होती. तिचा मोठा डावा बूट एका अपघातात मोडला, म्हणून राहिलेला उजवा तिने धाकट्या बहिणीसाठी आणला होता. बहीणही बरोबर होती.

"काका, तो छोटा डावा आहे का हो अजून?"

काकांनी मला काढून उजव्याशेजारी ठेवले. त्याचे नाक खरचटले होते, पट्टे मळले होते. केवढे जग पाहून आला होता तो! मी त्याला टेकून राहिलो.

धाकटीला उजवा छान बसला. मला मात्र तिने ओढूनताणून चढवले, कारण रविवारी तिला पहिल्यांदाच ताईबरोबर लांब जायचे होते.

"उभी राहा बघू. बोटं हलतात का?" काकांनी विचारले.

"हो तर! हलतात की!"

कुठली हलतात! माझ्या टोकाला ती दबून बसली होती. पण मला तोंड असते, तरी मी ते उघडले असते का? इतक्या वर्षांनी उजवा शेजारी होता.

ताई खाली बसली आणि तिने माझे नाक दाबून पाहिले. "डावा पाय माझ्यावरच गेलाय तुझा," ती हसून म्हणाली. "काढ तो. मीपण बाबांना असंच खोटं सांगायचे."

रविवार हुकणार म्हणून धाकटी मुसमुसली. काकांनी तिच्यासाठी मोठा डावा मागवायचे कबूल केले. म्हणजे आणखी एक जोड फुटणार. माझ्या उजव्याला पिशवीत टाकून दोघी बहिणी निघून गेल्या.

मित्रांनो, बूट घ्यायला संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना जा, उभे राहून दोन्ही पाय मापून घ्या. आणि बोटे हलतात का असे कुणी विचारले, तर खरे तेच सांगा. अगदी बूट तुमच्याकडे आशेने बघत असला, तरीसुद्धा.