जानेवारी म्हणजे शून्य

तळघरात नेट नाही आणि मोबाईल दारातच काढून घेतात, हे साहेबांनी सांगितलं तेव्हा मी नुसता हसलो. प्रोग्रॅमिंगचं अख्खं मॅन्युअल मी माझ्या लॅपटॉपवरच्या मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या खुणांनी मजकूर मांडायच्या, नोट्स-ॲपमध्ये भरून ठेवलं होतं. आठवडाभर दुसरं काही केलंच नव्हतं.

"लशींच्या शीतगृहाचा प्रोग्रॅम आज दुरुस्त झाला तर नोकरी कायम," साहेब म्हणाले. "नाही तर नमस्कार."

बायको त्या आठवड्यात एकदाच बोलली होती. "वायफाय बंद करून बघ ना एकदा."

"मला नको शिकवू," मी म्हणालो होतो.

खाली स्टोअरच्या बाई दोन स्वेटर घालून बसल्या होत्या. "या महिनाअखेर मुदत संपणाऱ्या लशी मशीन आत्ताच बाद ठरवतंय. पुढच्या महिन्याच्या चालतात त्याला. वर गाडी खोळंबलीय आणि हे शीतगृहाचं दार उघडेल तर शपथ!"

मी ऐटीत ॲप उघडलं आणि अनुक्रमणिकेत 'तारीख' या शब्दावर टिचकी मारली. पान कोरं. पुढचंही कोरं. मी उतरवून घेतली होती ती नुसती अनुक्रमणिका. आतली पानं घरी इंटरनेटवरून उघडत होती आणि मी शहाणा ती आपलीच समजत होतो.

"सापडलं का?"

"शोधतोय," मी म्हणालो. शोधायला काही नव्हतंच.

एकच तक्ता मी हातानं उतरवायला घेतला होता, महिन्यांचा. मार्कडाउनमध्ये आणला की मोडायचा, रेघा एकीकडे आणि महिने भलतीकडे. पुन्हा पुन्हा टाइप केला आणि शेवटी वैतागून उडवून टाकला. जेवतानाही माझं तेच चालू होतं, "जानेवारी म्हणजे शून्य? कुठल्या दीडशहाण्यानं ठरवलं हे?"

जानेवारी म्हणजे शून्य! कॉम्प्युटरच्या या भाषेत महिने शून्यापासून मोजतात, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आजचा महिना तेवढा एकपासून मोजला होता, म्हणून मशीन आपल्यापुढे एक महिना जगत होतं. मी एक वजा केला. दार उघडलं.

"एवढंच होतं?" बाई म्हणाल्या.

"एवढंच," मी म्हणालो.

घरी बायकोनं विचारलं, "चाललं का तुझं ॲप?"

"उघडायची गरजच पडली नाही."

"म्हणजे वायफाय बंद करून बघितलं नव्हतंस."

"कायम झालो गं," मी म्हणालो.

तिनं माझं ताट पुढे सरकवलं. "बरं झालं. आता तो जानेवारी बाहेर ठेव आणि जेव."