मी ठेंगणा मस्की

मी मस्की बोलतोय. गोड्या पाण्यातला शिकारी मासा. लांबी विचारू नका. अमेरिकेतल्या या मिनेसोटात आल्यागेल्याने तेवढंच विचारलंय.

उत्तरेकडच्या एका लहानशा तळ्यातल्या माशांची अंडी मत्स्यखात्याने उबवली आणि आम्हाला टँकरने या भल्यामोठ्या तळ्यात आणून सोडलं. मस्की तो मस्की, तळं मोठं मिळालं की होईल मोठा, असं त्यांना वाटलं. पण आमच्या घराण्यात उंचीच नाही. मी खाऊनपिऊन तीन फुटांवर थांबलो, तो थांबलोच.

इथे गळ टाकणाऱ्या डेल्मार आजोबांना मात्र चार फुटी मस्की हातात धरून फोटो काढायचाय, तोही खांदा कायमचा निकामी व्हायच्या आत. गळाला दरवर्षी लागतो मी. शेपटीच्या खाचेवरून ते मला ओळखतात, पट्टीवर आडवा घालतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात.

"पुन्हा तूच? खातोस ते जातं कुठं रे?"

"त्याला काय बोलतोस?" होडीच्या मोटारीपाशी बसलेली त्यांची बायको आर्लिस म्हणते. "तुझा भाऊ तरी कुठं वाढला?"

तिचं बोलणं मला फार आवडतं.

शेवटी खात्याला उमगलं की खोट पाण्यात नाही, वाणात आहे. मग थोराड वाणाची पिल्लं आली. बादल्या रिकाम्या करायला डेल्मारही गेले.

"ही चार फुटी कधी होतील?"

"बारा-एक वर्षं धरा," टँकरवाली म्हणाली.

"म्हणजे मी ब्याण्णवचा!" ते हसले, आणि एकही पिल्लू आपटणार नाही अशी बादली हळूच कलती केली. मला भरून आलं. तोंडाशी आलेला घास होता, पण मी तोंड मिटून घेतलं.

खांदा आता साथ देईना, म्हणून ऑक्टोबरात ते शेवटचा गळ टाकायला आले. लाल शेपटीचं तेच पत्र्याचं आमिष. पत्रा आहे हे मला पक्कं ठाऊक. तरी चावलो. दुसरं काय देणार होतो मी?

"पुन्हा तूच," म्हणत त्यांनी डोळे पुसले.

"हात पुढे कर," आर्लिस म्हणाली. "अजून पुढे. कॅमेऱ्याच्या नाकाशी आण त्याला."

मासा मोठा दिसावा म्हणून इथे सगळेच असं करतात. डेल्मार मात्र जन्मभर त्याला लबाडी म्हणत आले.

"खांदा दुखतोय गं."

"दुखू दे!"

त्यांनी हात लांब केले.

फोटो आता धक्क्यावरच्या दुकानात लागलाय. मी धक्क्याखालीच असतो, सगळं ऐकू येतं.

"बाप रे! किती फुटी होता?"

"दिसतोय तेवढा," आर्लिस सांगते.

तेव्हा बाबांनो, मी गळाला लागलो तर पोटाखाली हात द्या, पटकन पाण्यात सोडा. आणि फोटो काढताना हात अगदी लांब करा. नाहीतर आम्ही ठेंगणे कसे वाढणार?