भीती : अजिबात नाही

पाढेबाईंना शाळेत कुणाची भीती म्हणून नव्हती. तीस वर्षं गणित शिकवलं, फळ्याकडे तोंड करून एकोणतीसचा पाढा म्हणता म्हणता मागच्या बाकावरच्या खोड्या पकडल्या, तीन मुख्याध्यापकांना त्यांच्या चुका तोंडावर दाखवल्या. पण शिक्षकांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसायची वेळ आली की बाईंच्या हातांना घाम फुटायचा. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. मार्कांची यादी बाई घरी न्यायच्या आणि सून ती भरून द्यायची.

"आई, ते काही चावत नाही हो," सून हसून म्हणायची.

"चष्मा बदलायचा राहिलाय गं, नाहीतर मीच केलं असतं," बाई म्हणायच्या. चष्मा दोनदा बदलून झाला होता.

मग एक दिवस वरून फॉर्म आले. कॉम्प्युटरची भीती मोजायची म्हणे, शिक्षकांची आणि मुलांचीही. वीस वाक्यं, प्रत्येकापुढे तीन चौकोन: नेहमी, कधी कधी, अजिबात नाही. 'कॉम्प्युटरसमोर माझ्या हातांना घाम येतो' या वाक्यापुढे बाईंनी 'अजिबात नाही'वर खूण केली, ती ओल्या बोटांनी थोडी पसरली. शेजारी चित्रकलेचे सर तिरक्या नजरेने बघत होते. त्यांनीही तेच केलं. एका दुपारीत अख्खा शिक्षकवर्ग शूर झाला.

वर्गात मुंगीने मात्र वीसच्या वीस ठिकाणी पेन्सिलीने 'नेहमी'वर खूण केली. मुंगी हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पोरगी समासात मुंगीएवढ्या अक्षरांत गणितं सोडवायची आणि एक चुकेल तर शपथ. तिला तंत्रशाळेत जायचं होतं. तिच्या शिंपी बापाने हे गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं होतं.

"हे काय गं?" बाईंनी विचारलं.

"खरंच भीती वाटते, बाई. माझ्या हातून काहीतरी मोडेल असं वाटतं."

"अगं वेडे, असं खरं लिहायचं नसतं. भित्री म्हणून शिक्का बसेल कपाळावर. खोड ते."

बाईंनी स्वतःच्या पर्समधलं खोडरबर काढून दिलं. मुंगीने वीसही खुणा खोडून 'अजिबात नाही'वर केल्या. आपण पोरीचं भलं केलं असं त्यांना मनापासून वाटलं, आणि तेच वाईट झालं.

कारण फॉर्म कशासाठी होते ते नंतर कळलं. ज्या मुलांनी भीती कबूल केली त्यांना महिनाभर रोज सराव मिळाला. ज्या शिक्षकांना भीती 'अजिबात नाही' त्यांना तंत्रशाळेच्या प्रवेश परीक्षेवर देखरेखीला नेमलं. परीक्षा यंदापासून कॉम्प्युटरवर. बाईंच्या खोलीत दुरुस्तीचा माणूससुद्धा बसवला नाही. "तिथे कशाला? बाई आहेत ना," मुख्याध्यापक म्हणाले.

परीक्षा सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि मुंगीचा हात वर गेला.

"बाई, मी काहीतरी दाबलं. सगळे प्रश्न गेले."

पडदा कोरा होता. दुरुस्तीवाला चार खोल्या पलीकडे होता. त्याला बोलावलं असतं तर तो सगळ्या पोरांसमोर विचारणार, बाई, तुम्ही काय करून पाहिलंत?

"थांब जरा. येईल आपोआप. कशाला हात लावू नकोस."

बाईंचं उत्तर आजवर चुकलं नव्हतं. मुंगीने हात मांडीवर ठेवले आणि ती थांबली. बाई खिडकीशी गेल्या. दोनदा परत येऊन पाहिलं, पडदा तसाच. तिसऱ्यांदा त्या आल्याच नाहीत. वेळ संपल्यावर दुरुस्तीवाल्याने येऊन एक बटण दाबलं आणि साठच्या साठ प्रश्न समोर हजर झाले.

"एवढंच होतं," तो म्हणाला.

परीक्षा पुन्हा घ्यावी म्हणून मुंगीच्या बापाने अर्ज केला. मुख्याध्यापकांच्या खोलीत तिघे साहेब बसले, समोर बाई, मुंगी आणि तिचा बाप. देखरेखीची चूक असेल तर परीक्षा पुन्हा, मुलीची असेल तर नाही, असा नियम मधल्या साहेबांनी वाचून दाखवला.

"पडदा गेला तेव्हा बाईंना हाक मारली होतीस?"

मुंगीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. बोला, बाई, आता तरी बोला, असं त्यांचं स्वतःचंच मन ओरडत होतं. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी त्या पुसत राहिल्या.

"नाही," मुंगी म्हणाली.

साहेबांनी तिचा जुना फॉर्म उजेडात धरला. "इथे आधी दुसरीकडे खुणा करून खोडलंय. कुणी सांगितलं खोडायला?"

"मीच खोडलं."

अर्ज फेटाळला. बाप टोपी उचलून बाहेर पडला. बाईंनी मुंगीला व्हरांड्यात गाठलं. त्यांचे हात घामाने चिंब झाले होते.

"मुंगे, खरं का नाही सांगितलंस गं?"

मुंगीला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"खरं सांगायचं नसतं ना, बाई?"

बाईंनी त्या आवाजात टोमणा शोधला. तो नव्हता. घोकलेला पाढा म्हणून दाखवावा तसं ती म्हणाली, आणि बापामागे पायऱ्या उतरून गेली.