दुपारचा मुहूर्त

"शेरवानीला आतून खिसा?" शिरूरच्या म्हाळू टेलरने टेप गळ्यात टाकत विचारलं. "कशाला वो? आहेराची पाकिटं ठेवाया?"

"मोबाईल ठेवायचाय," इंद्रजीत म्हणाला.

"नवरदेवाचा मोबाईल करवलीकडं असतोय."

"माझा माझ्याकडं असतोय."

म्हाळू हसला आणि छातीवर खडूची रेघ मारली. ते हसणं इंद्रजीतला खटकलं. याला कुणी काही सांगितलं तर नसेल? गेली दोन वर्षं त्याच्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. चहावाल्याने चहात साखर जास्त घातली तरी त्याला त्यात डाव दिसायचा.

इंद्रजीत वडगाव रासाईचा, वय चौतीस. गावात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. भीमेच्या काठची कुणाची मोटार जळाली की ती त्याच्याकडेच यायची, आणि दुसऱ्या दिवशी भरून परत जायची. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी. तरी दोनदा लग्न जमलं आणि दोनदा मोडलं. दोन्ही वेळा सुपारी फुटून पंधरा दिवस होतात न होतात तोच मुलीकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. सुपारी फुटल्यावर पत्रिका कोण बघतं?

खरं कारण त्याला माहीत होतं. थंडी पडली की त्याची छाती भरायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिशात श्वासाचा पंप ठेवावा लागायचा. उरलेले आठ महिने तो खांद्यावर मोटार घेऊन नदीचा काठ चढायचा, पण ते कोण ऐकून घेणार? दमा म्हटलं की स्थळ गेलंच. म्हणून त्याने आणि त्याच्या आईने, सरूबाईने, ही गोष्ट झाकून ठेवली होती. मग ती बाहेर पडते कशी? कुणीतरी जाऊन सांगतं. ते कुणीतरी भावकीतलंच असणार, आणि भावकीत त्याचा संशय ठरलेला होता: विक्रम. चुलतभाऊ, शाळेत एकाच बाकावरचा, आणि आता मधल्या एका भिंतीपलीकडून खोकला ऐकणारा.

यंदा भांडगावच्या अनुपमाचं स्थळ जमलं. मुलगी कॉम्प्युटर क्लासात शिकवायची, बोलायला नीट, आणि इंद्रजीतला मनापासून आवडली होती. लग्न ठरलं ते डिसेंबरच्या अखेरीला, संध्याकाळी सहा पस्तीसला, हायवेकडेच्या उघड्या लॉनवर. पडणारं दव, फटाक्यांचा धूर आणि आजूबाजूच्या गुऱ्हाळांचा धूर. मुहूर्त ऐकूनच त्याला धाप लागली.

बाकीचे नवरदेव लग्नाआधी फेशियल करतात. हा थंडीशी लढायला निघाला. थर्मलचे दोन जोड आणले, ते आत मावावेत म्हणून शेरवानी एक माप मोठी सांगितली. ओठांना व्हॅसलीन, टाचांना कोकम तेल. सरूबाई दोन्ही वेळा आल्याचा काढा पाजायची. पण केळवणं आडवी आली. ज्याच्या घरी जावं तिथे ताटात श्रीखंड. नको म्हणावं तर 'का बरं?' म्हणून विचारणार, आणि विचारणारा उद्या भांडगावला जाणार. म्हणून हा हसत हसत श्रीखंड खायचा आणि पुढे दोन दिवस छाती वाजवत बसायचा.

शेरवानी आली तेव्हा त्याने रंगीत तालीमच केली. आत थर्मल, वर शेरवानी, आतल्या खिशात पंप असा जामानिमा करून तो बरोबर सहा पस्तीसला नदीकाठच्या बांधावर जाऊन उभा राहिला. चाळीस मिनिटं ठीक गेली. मग खोकल्याची उबळ आली ती थांबेना. तो कमरेत वाकलेला असताना उसातून विक्रम बाहेर आला. मोटार चालू करायला आला होता.

"इंद्या? आरं, हितं कुनाशी लगीन लावतोय?"

"माप बघत व्हतो."

"बांधावर?" विक्रम हसला, मग त्याचं हसू गेलं. "बरा हाय न्हवं?"

"मला काय झालंय?"

विक्रम मोटारीकडे गेला. घरी येईपर्यंत इंद्रजीतच्या डोक्यात सगळं पक्कं झालं होतं. हा आता जाणार.

आणि झालंही तसंच. चार दिवसांनी अनुपमाच्या मामांचा, सर्जेरावांचा फोन आला. "पाव्हणं, मुहूर्त बदलायचाय. दुपारी बारा पस्तीस. भटजींना इचारलंय." का, ते त्यांनी सांगितलं नाही. आवाज मात्र तुटक होता. इंद्रजीतने ओळखलं. आधी मुहूर्त बदलतील, मग तारीख, मग पत्रिका जुळायची नाही.

सरूबाईने भाकरी थापता थापता भर घातली. "सोमवारी विक्रम भांडगावला गेलता म्हनं. मोनालीच बोलली." मोनाली म्हणजे विक्रमची बायको.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर कॅनची रांग होती, पंधरा-वीस माणसं असतील. इंद्रजीत थेट विक्रमसमोर जाऊन उभा राहिला.

"दोन लगनं मोडून पोट भरलं न्हाई व्हय रं तुझं?"

"कुनी मोडली?"

"भांडगावला कशाला गेलतास? मला दमा हाय त्ये सांगाया?"

रांगेतले कॅन जागीच थांबले. दोन वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट आपण स्वतःच डेअरीवर ओरडून सांगितली, हे त्या भरात इंद्रजीतच्या लक्षातही आलं नाही.

"व्हय," विक्रम म्हणाला. "सांगितलं."

"मग ऐक. माझ्या मांडवात पाय ठेवायचा न्हाई. चुलत म्हनून न्हाई आन् गाववाला म्हनूनबी न्हाई."

विक्रम आपला कॅन पुढे सरकवत म्हणाला, "बरं."

संध्याकाळी अनुपमाचा फोन आला. आता ही नाही म्हणणार, या तयारीनेच त्याने तो घेतला.

"अहो, मुहूर्त मी बदलायला लावला," ती म्हणाली. "विक्रम भावजी आले होते. ते म्हणाले, दोन्ही वेळेला घरच्यांनी लपवलं आणि बाहेरच्यांनी तिखट-मीठ लावून सांगितलं, म्हणून स्थळं गेली. यंदा मी घरचा माणूस आधी सांगतो. थंडीत त्रास होतो, बाकी बैलागत राबतो. पटत असेल तर लगीन उन्हात लावा. मामा लई चिडले. मी म्हटलं, लगीन माझं हाय."

इंद्रजीतने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाईट एवढंच वाटलं," ती म्हणाली, "की तुम्ही सांगितलं नाही."

त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. फोन ठेवून तो तसाच शेजारी गेला. मोनालीने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. विक्रम ओसरीवर टोमॅटोची कॅरेट लावत होता.

"विक्रम, चुकलं माझं. शब्द मागं घेतो."

"मी रागावलो न्हाई इंद्या."

"मग यायचं लग्नाला."

"डेअरीवर चारचौघांत बोललास. त्यो शब्द हितं वसरीवर मागं घेता येतो व्हय?"

बरोबर होतं त्याचं. इंद्रजीत दुसऱ्या दिवशी डेअरीवर गेला. तीच माणसं होती. त्याने तोंड उघडलं, सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि त्याने फॅट किती लागली म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. मग हळद लागली आणि त्याचं घराबाहेर पडणंच बंद झालं.

लग्न बारा पस्तीसला लागलं. लख्ख ऊन होतं. इंद्रजीतने तरीही आत थर्मल घातलं होतं. ऐनवेळी पुन्हा संध्याकाळ केली तर? तो घामाने निथळत होता, पण छाती मोकळी होती. अनुपमाने हळूच आपला रुमाल त्याला दिला.

अक्षता पडल्या आणि मानपान सुरू झाला. माइकवाला भावकीतल्या एकेकाचं नाव पुकारत होता. माणूस पुढे यायचा, टोपी-टॉवेल आणि नारळ घेऊन जायचा. "विक्रमराव! नवरदेवाचे बंधू विक्रमराव, स्टेजजवळ यावं!" दोनदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. कुणी उठलं नाही. माइकवाल्याने पुढचं नाव घेतलं.

तेव्हा इंद्रजीतने स्टेजवरून लांब पाहिलं. लॉनच्या कमानीबाहेर, हायवेच्या कडेला, विक्रम उभा होता. गळ्यात शिट्टी, अंगात धुवट पांढरा सदरा. गाड्या लावून घेत होता, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून देत होता. सकाळपासून असाच उभा आहे, असं करवलीने सांगितलं.

इंद्रजीतने विक्रमच्या नावाचा टोपी-टॉवेल उचलला आणि मुंडावळ्यांसकट स्टेज उतरला. पंगतीतून वाट काढत कमानीपाशी आला. मागे डेअरीवरची पाच-सहा माणसं जेवत होती. त्यांच्याकडे बघून तो मोठ्याने म्हणाला, "माझं चुकलं. ह्यानं माझं लगीन मोडलं न्हाई, जमवलं. विक्रम, आत ये."

पंगत थांबली. विक्रमने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरले असतील, पण उन्हामुळे नीट दिसलं नाही. त्याने कमानीतून हात पुढे करून टोपी-टॉवेल घेतला. टोपी डोक्याला लावली, टॉवेल खांद्यावर टाकला. पाय मात्र जागचा हलला नाही.

"शब्द फिटला, इंद्या. पर आज माझी जागा हितंच. जा, स्टेजवर पाव्हनं थांबल्यात," तो म्हणाला. मग वळून त्याने शिट्टी मारली आणि हात आडवा करून सोलापूरकडून येणारा टेम्पो थांबवला. पलीकडे थांबलेले पाहुणे रस्ता ओलांडून मांडवात गेले.