न मागितलेली परवानगी

विनी पँटरने वाटेत आलेली काटेरी फांदी कात्रीने कापली, बुटाने बाजूला सारली आणि भरावावरून आणखी दोन पावलं टाकली. खालची माती गंजासारखी तांबडी होती. लोहदगड काढून नेल्यापासून दोन्हीकडची शेतं पुरुषभर खोल गेलेली. खाणीच्या ट्रामचे रूळ उचलून साठ वर्षं झाली, तेव्हापासून हा भराव म्हणजे पलीकडच्या चर्चला जायची गावाची वाट होती.

मागून तिची नणंद डोरीन धापा टाकत आली.

"अगं, पुढे फाटकाशी हॅलम उभा आहे."

तीन वर्षांपूर्वी ही शेतं विकत घेतलेला हॅलम हसतमुखाने उभा होता. हातात कोरी करकरीत पाटी: 'मालकाच्या परवानगीने ये-जा.'

"मिसेस पँटर, भांडण कशाला? खुशाल चाला. माझी परवानगी आहे."

"मी मागितली होती का?"

"मागायला कशाला हवी? देतोय ना."

डोरीनने विनीची बाही ओढली. "घे ना गं. किती सभ्य माणूस."

"तिथेच फसतेस तू. वीस वर्षं कुणाला न विचारता, उजळ माथ्याने चाललं, की वाट गावाची होते. परवानगीने चाललं, की ती याची. उद्या कोंबड्यांच्या शेड बांधायच्या झाल्या, की हा परवानगी काढून घेणार आणि आपण बसणार बोंबलत."

हॅलमने खिशातून एक कार्ड काढलं.

"गेल्या नाताळचं. 'तुमच्या जमिनीवरून चालू देता, त्याबद्दल मनापासून आभार.' वाटेच्या हक्काचा तुमचा अर्ज कचेरीत आहे ना, तिथे हे दाखवावं लागेल मला. वाईट वाटतं, पण इलाज नाही."

विनीने अक्षर ओळखलं. डोरीनचे कान लाल झाले.

"मी सगळ्यांनाच लिहिते," ती पुटपुटली. "पोस्टमनला. दातांच्या डॉक्टरलासुद्धा."

"ठाऊक आहे. त्याने किडका सोडून चांगला दात उपटला, आणि तू त्याला केक पाठवलास."

विनीने कात्री खिशात टाकली.

"तुमच्याकडे एक कार्ड आहे, मिस्टर हॅलम. माझ्या अर्जावर एकतीस जणांच्या सह्या आहेत, आणि त्यातल्या एकानेही कधी कुणाला विचारलेलं नाही. खुशाल दाखवा. मी डोरीनलाच घेऊन येते कचेरीत. ही कुणाकुणाचे आभार मानते, ते ऐकू दे साहेबांना. आणि ती परवानगी न्या घरी, लोणचं घाला तिचं."

हॅलमचं हसू आक्रसलं, रीत मात्र सुटली नाही. त्याने फाटक उघडलं आणि तो अदबीने बाजूला झाला.

"या."

विनी जागची हलली नाही.

"लावा ते."

"काय?"

"फाटक."

गोंधळून त्याने ते लावलं. कडी खट्कन बसली. मग विनीने स्वतः कडी उचलली, फाटक ढकललं आणि ती पलीकडे गेली.

डोरीन मागोमाग निघाली. हॅलमसमोरून जाताना सवयीने तिचे ओठ उघडले. ते तिने मिटले. पलीकडे पोचल्यावर ती मागे वळली, शेतात मेंढ्या होत्या म्हणून फाटक नीट ओढून घेतलं, कडी घातली, आणि हॅलमला अलीकडेच ठेवून चालू लागली.