गुळाच्या तराजूत जयमाला

डोणगावच्या बाजारापलीकडे गूळबाबांच्या मांडवात त्या पौर्णिमेला पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध भुसार दुकानातला मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात जयमाला, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. नवस फेडायला आमच्याकडे गूळतुला करतात. बाबांनी त्या तुलेचाच दवाखाना केला होता. दर पौर्णिमेला जयमालाला ढेपा कमी लागत गेल्या आणि बघणाऱ्यांचे हात जोडले गेले.

"तराजू खोटं बोलते का माय?" बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत. "चरबी गुळात उतरली. आता गोळीले शिवू नको. गोळी आत, तं कृपा भाहेर."

मी इथला डॉक्टर, आणि माझं तोंड शिवलेलं. दोन वर्षांपूर्वी जयमालाने शहरात शस्त्रक्रिया करून जठर लहान करून घेतलं होतं, अन्नाची वाटही आतड्यात पुढे वळवून घेतली होती. वजन उतरलं ते त्याने. गावात मात्र तिने पित्ताचे खडे काढल्याचं सांगितलं. जाडेपणासाठी पोट कापलं हे कळलं तर सासू शालूबाई जगू देणार नाहीत, ही धास्ती. पण बारीक होण्याला काहीतरी कारण हवं, म्हणून ती तराजूत जाऊन बसली. लोक मानू लागले, आणि हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं. तिने कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या.

मी तिला दवाखान्यात बोलावून समजावलं, चिडलो, हातही जोडले. तिने उलट मलाच शपथ घातली. रुग्णाचं गुपित मी चव्हाट्यावर कसं मांडणार?

त्या पौर्णिमेला पारड्यातून उतरताना तिचा पाय सटकला. वीतभर उंचीवरून ती कुशीवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बाबा लगेच म्हणाले, पथ्य मोडलं असेल. लोकांनी माना डोलावल्या.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर भेटायला आलेल्यांसमोर जयमाला सासूकडे बघून स्वतःच बोलली. "आत्याबाई, मीनं पोट कापून घेतलं व्हतं. बाबाच्या गुळानं काईच नाई झालं."

मग मी सांगितलं, की अशा शस्त्रक्रियेनंतर अन्नातलं कॅल्शियम अंगी कमी लागतं, व्हिटॅमिन डीही कमी पडतं, आणि शरीर आपली गरज हाडं झिजवून भागवतं. वजन झपाट्याने उतरलं की हाडांवरचा भार कमी होतो, त्यानेही ती विरळ होतात. म्हणून गोळ्या जन्मभर घ्यायच्या. बाबांनी नेमक्या त्याच बंद करायला लावल्या.

शालूबाईंनी सुनेच्या कपाळावरून हात फिरवला. "काऊन लपवलं वं? मी काय खाल्लं असतं तुले?" त्या रडल्या. डोळे पुसून त्यांनी कनवटीची पुडी सोडली. "बाबानं गूळ देला. हाड जुळते म्हणे."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी म्हणालो, "गूळ द्या, पण आधी ही गोळी द्या."

पुढच्या पौर्णिमेला तराजू पुन्हा टांगला गेला, गर्दीही तेवढीच. म्हणून इथे लिहितो. घरात कुणी अशी शस्त्रक्रिया केली असेल तर त्याला लाजवू नका, गोळ्या चुकवू देऊ नका, हाडांची तपासणी करून घ्या. तराजूला वजन कळतं, हाडात काय उरलंय ते कळत नाही.

जयमाला रोज विचारते, "डॉक्टर, मी पयल्यावानी चालन ना?" मला अजून हो म्हणता आलेलं नाही.