चार इंच जास्त

खोटं वाटेल, पण बढती मिळाली तेव्हा आमच्या काकांची छाती चार इंच फुगली. शिंप्याने त्याच मापाचा कोट शिवला. सत्काराच्या सकाळी शिंपी घरी येऊन काकांना कोट चढवत होता, तेवढ्यात काकू म्हणाली, "पुढचे दोघे निवृत्त झाले, म्हणून तुमचा नंबर लागला." छाती अशी बसली की कोट खुंटीवर टांगल्यासारखा लोंबू लागला.

"माझं माप चुकत नाही," शिंपी म्हणाला. "यांचा अभिमान तेवढा परत आणा."

"अभिमान कसला? गर्व होता तो," काकू म्हणाली. "आणि शिंपीदादा, तुमचा हा नुसता ताठा."

पण काकांचं उतरलेलं तोंड पाहून ती विरघळली. "दिसता मात्र रुबाबदार हं."

वरचं बटण सुटलं ते थेट शिंप्याच्या कपाळावर.

"वहिनी," तो कपाळ चोळत म्हणाला, "कौतुक बेतानं करा. शिवणीत कापड उरलेलं नाही."